सगळा सब्जा

आमच्या श्रीवर्धनला 'वाडी' म्हटलं की नारळी-पोफळीची बाग डोळ्यांसमोर येते. घाटावरच्या माणसाला वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. माझे साडू साताऱ्याकडचे. ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, "चला, जरा वाडीत जाऊन येऊ." ते आत गेले, सदरा बदलला, टोपी सारखी केली आणि कुणाकडे तरी मुलाखतीला निघाल्यासारखे तयार होऊन आले. मी त्यांना मागच्या दारी पोफळींत नेऊन उभं केलं. इकडे तिकडे पाहून म्हणाले, "पण वाडी कुठाय?"

शब्दांच्या अशा गमती आम्ही घरात खूप सांगतो आणि हसतो. पण एका शब्दाने माझ्यावर जी वेळ आणली, ती हसण्यावारी नेता आली नाही. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हती. म्हणून ती लिहून ठेवतो आहे.

माझ्या अम्मीला झाडांचा नाद होता. वाडी वडिलांच्या मागे काकांनी सांभाळली, पण स्वयंपाकघरामागचा ओटा आणि विहिरीजवळची हातभर जागा अम्मीची. तिथं कढीपत्ता, अळू, गवती चहा आणि सब्जा. सब्जा कधी लावावा लागला नाही. पावसाळा सुरू झाला की मागल्या वर्षीच्या पडलेल्या बियांतून आपोआप वर यायचा. दिवाळीच्या सुमारास त्याच्या मंजिऱ्या वाळायला लागत. अम्मी त्या सुपात घेऊन हाताने चोळायची, पाखडायची आणि मोहरीहून बारीक असं ते काळं बी काचेच्या बाटलीत भरून ठेवायची. रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर चिमूटभर बी वाटीत भिजत पडायचं. दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पांढरट बुळबुळीत गोळा तयार. मग ते इफ्तारच्या सरबतात. लहानपणी आम्ही त्याला बेडकाची अंडी म्हणायचो आणि मार खायचो.

शेजारच्या काकूंच्या अंगणात तुळस. दोघी गडग्याशी उभ्या राहून बोलायच्या. काकू म्हणायच्या, "तुमचा सब्जा म्हणजे आमच्या तुळशीची चुलत बहीण." वनस्पतिशास्त्रही तेच सांगतं. दोन्ही झाडं 'ओसिमम' या एकाच कुळीतली. तुळशीच्या पानावर बारीक लव असते, सब्जाचं पान गुळगुळीत आणि जरा मोठं, एवढा फरक अम्मीला पुस्तकाशिवाय ठाऊक होता. हल्ली माझी नात मुंबईहून चिया नावाचं बी पाकिटातून आणते आणि सब्जा म्हणून भिजवते. चियाचं झाड मूळ मेक्सिकोकडचं. तेही तुळशीच्याच मोठ्या घराण्यातलं, पण सब्जा नव्हे. सब्जाचं बी काळंभोर, चियाचं करड्या ठिपक्यांचं.

२०१७ साली अम्मी गेली. वडील जहाजावर होते. त्यांचा इंतकाल मुंबईत झाला आणि कबरही तिकडेच. त्यामुळे गावात आम्हा भावंडांसाठी जी काही जागा होती ती अम्मीची. कबर पक्की करायची नाही, असं ती स्वतःच सांगून गेली होती. आम्ही मातीच ठेवली. चाळिसाव्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीने विहिरीजवळची सब्जाची दोन रोपं मुळांच्या मातीसकट उपटून माझ्या हातात दिली. म्हणाली, "भाई, एवढी तिच्या उशाशी लाव."

आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. बहीण मुंब्र्याहून आली की बाहेर चिऱ्याच्या गडग्याशी उभी राहायची. आत एक जुना रायवळ आंबा होता. त्या आंब्याच्या खाली डावीकडे हिरवं झुडूप दिसलं की ती अम्मी. तिथं बघून ती फातिहा पढायची. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग डोळे पुसून, "चल," म्हणायची.

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. श्रीवर्धनच्या माणसाला त्या दुपारविषयी काही सांगायला नको. रोठा सुपारीने ज्या गावाचं नाव बाहेर नेलं, त्या गावाच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, माडाला तर त्याहून जास्त. त्या वादळात कब्रस्तानातला आंबाही मुळासकट पडला. पुढे तो कापून नेला, खड्डा बुजवला. अम्मीच्या कबरीची एक खूण गेली. दुसरी राहिली, ती सब्जाची. आंब्याची सावली गेल्यावर तो उलट अधिकच फोफावला.

आता माझ्या चुकीकडे येतो.

माझं शिक्षण सातवीपर्यंत उर्दू शाळेत झालं. पुढे मराठी. घरात आमची कोकणी बोली. पण उर्दूचा मला अभिमान. अक्षर बरं, भाषा बरी, म्हणून मोहल्ल्यात काही सूचना लिहायची असली की लोक माझ्याकडे येतात. पूर्वी फळ्यावर लिहायचो, आता मोबाइलवरच्या गटात टाकतो. आजची मुलं मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात, उर्दू लिपी त्यांना वाचता येत नाही, म्हणून उर्दू मजकूर देवनागरीत लिहायची सवय लावून घेतली.

ऑक्टोबर २०२२. पाऊस सरला होता. कब्रस्तानात गुडघ्याएवढं गवत, मधे काटेरी झुडपं, टाकळा वाळून उभा. जनाजा आला तर पाय कुठं ठेवावा कळेना. तरुण मुलांनी रविवारी सफाई करायची असं ठरलं. माझं त्याच आठवड्यात मुंबईला डोळ्याचं ऑपरेशन. निघण्याच्या आदल्या रात्री मी सूचना टाकली : "कब्रों पर उगा हुआ सारा सब्जा साफ किया जाए और कब्रों का एहतराम रखा जाए."

उर्दूत 'सब्जा' म्हणजे हिरवळ. मूळ फारसी. 'सब्ज' म्हणजे हिरवा. त्यावरून जे जे हिरवं जमिनीतून वर येतं ते सब्जा. गवत, कोवळं पीक, नवा कोंब. भाजीला सब्जी म्हणतात तेही त्याच मुळातून. इराणमध्ये नौरोजच्या आधी ताटलीत गहू किंवा मसूर उगवतात, त्यालाही सब्जेच म्हणतात. शाळेत 'बरसात' या विषयावर निबंध लिहिताना आमचे मास्तर 'हर तरफ सब्जा ही सब्जा' असं लिहायला लावायचे. माझ्या मनात तो शब्द तसाच बसलेला. सुंदर, भरघोस शब्द. 'गवत' लिहायला मला हलकं वाटलं, खरं सांगतो.

पण मराठीने तो शब्द घेतला आणि एका झाडाला देऊन टाकला. मराठीत सब्जा म्हणजे सरबतातलं बी देणारं, वासाचं ते एकच झुडूप. उर्दूत लिहिताना ज खाली टिंब असतं, म्हणजे उच्चार वेगळा. पण मोबाइलवर मी कधी टिंब दिलं नाही, आणि दिलं असतं तरी मुलांना त्याचं काय?

मुलांनी सूचना वाचली. त्यांच्यातला एक शहाणा. त्याला शंका आली. रविवारी सकाळी त्याने मला आवाजी निरोप पाठवला, "चाचा, सगळा सब्जा काढायचा का?" मी दवाखान्यात, एका डोळ्यावर पट्टी. मी उत्तर दिलं, "हां बेटा, सगळा."

त्यांनी सगळा काढला. गवत नंतर मजूर येऊन कापेल असं त्यांना वाटलं, कारण सूचनेत गवताचं नावच नव्हतं. जिथं जिथं सब्जा होता, पंधरा-वीस कबरींवर तरी असेल, तिथं तिथं मुळापासून उपटून त्यांनी तो ओढत फाटकापर्यंत आणला आणि बाहेर ढीग घातला. काम मन लावून केलं होतं. कबरीवर कुणी पाय दिला नाही, एहतराम ठेवा म्हटलं होतं तो ठेवला.

मी चार दिवसांनी परत आलो तर जुम्याच्या नमाजनंतर माणसं माझ्याभोवती गोळा. एक बुजुर्ग रागाने थरथरत होते. म्हणाले, "तुम्ही कधीपासून त्यांच्यात गेलात?" मला काही कळेना. मग लक्षात आलं. कबरीवर फुलं घालावीत की नाही, सब्जा लावावा की नाही, यावर आपल्याकडे मतभेद आहेत हे वाचकांना ठाऊक आहे. मोहल्ल्यात दोन्ही मतांची माणसं राहतात आणि बहुतेक वेळा सांभाळून राहतात. माझ्या एका ओळीने एकीकडच्यांना वाटलं की हा माणूस फिरला. दुसरीकडच्या एकाने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, ते तर अधिकच जड गेलं. दोघांनाही मी सांगत सुटलो की अहो, मला गवत म्हणायचं होतं. काही हसले. काहींना ती सबब वाटली.

संध्याकाळी एकटाच कब्रस्तानात गेलो. गवत जसंच्या तसं. आंबा नाही, सब्जा नाही. अम्मी ज्या रांगेत आहे तिथं चार मातीचे उंचवटे जवळजवळ. पाच पावसांनी माती बसलेली. त्यातला कुठला? मी मनाशी अंतरं मोजली, गडग्याकडून, फाटकाकडून. एकदा दुसरा वाटला, एकदा तिसरा. स्वतःच्या आईची कबर ओळखता येत नाही, आणि तीही स्वतःच्याच हाताने पुसलेली. त्या रात्री जेवण गेलं नाही.

डिसेंबरात बहीण आली. नेहमीसारखी गडग्याशी उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग वळून म्हणाली, "भाई, अम्मीचा सब्जा कुठाय?"

मुलांवर ढकलता आलं असतं. वाळला म्हणून सांगता आलं असतं. पण ती जिथं उभी होती तिथून खोटं बोलायची हिंमत झाली नाही. सगळं सांगितलं. निरोप, पट्टी, 'हां बेटा, सगळा', सगळं. ती काही बोलली नाही. घरी येईपर्यंत बोलली नाही. रात्री भावजयीजवळ म्हणाली, "त्याला मोठे शब्द लागतात." मला ते ऐकू आलं. दोन दिवसांनी ती गेली, एरवी आठवडाभर राहायची.

मी मौलानांकडे गेलो. फतवा मागायला नव्हे, मन मोकळं करायला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. आधी हसले, मग माझा चेहरा पाहून थांबले. म्हणाले, "तुम्ही एका शब्दात अडकलात. पण शब्दांचं हे असंच असतं. 'रैहान' बघा."

पवित्र कुरआनात रैहान हा शब्द दोन ठिकाणी येतो. सूरह रहमानच्या बाराव्या आयतीत आणि सूरह वाकिआच्या एकोणनव्वदाव्या आयतीत. अरबी कोशांत रैहानचा अर्थ कोणतीही सुवासिक वनस्पती असा मोठा आहे. पण बाजारात जाऊन रैहान मागितला तर पूर्वेकडच्या अरब देशांत सब्जाच्या जातीचंच झाड देतात आणि मोरोक्कोकडे मेंदीसारख्या पानांचं वेगळंच सुवासिक झुडूप. इराणात सब्जाला आजही रैहानच म्हणतात. आपल्या युनानी हकिमांकडे सब्जाचं बी 'तुख्मे रैहान' या नावाने मिळतं. तुख्म म्हणजे बी. म्हणजे आमच्या विहिरीजवळच्या त्या झुडपाला अरबीतून आलेलं नाव मोठ्या अर्थाचं, फारसीतून आलेलं नावही मोठ्या अर्थाचं, आणि दोन्ही नावं लोकांनी वापरून वापरून त्याच्या मापाची करून घेतलेली. कुणी रैहान दिला तर नाकारू नये, तो उचलायला हलका आणि वासाला चांगला असतो, अशा अर्थाची प्रेषितांची (स.) शिकवण सही मुस्लिममध्ये आहे. आपल्या लाडक्या नातवांना, हसन आणि हुसैन (रजि.) यांना, त्यांनी या जगातली आपली दोन रैहानं म्हटलं होतं, हेही मौलानांनी सांगितलं. तिथं अर्थ आणखी कुठं पोचतो बघा, म्हणाले.

मी म्हटलं, "ते ठीक, पण कबर?"

ते म्हणाले, "हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांच्या कबरीच्या उशाशी प्रेषितांनी (स.) एक दगड ठेवला होता, ओळख राहावी म्हणून. पक्कं बांधकाम नको म्हणजे खूणही नको, असं नाही. तुम्ही दगड का ठेवला नाहीत?"

खरंच, का ठेवला नाही? सब्जा आहे ना, असं धरून चाललो. आता ठेवायचा म्हटलं तर कुठल्या उंचवट्यावर? खात्री नसताना अम्मीच्या नावाने दुसऱ्या कुणाच्या उशाशी दगड ठेवायला मन धजलं नाही.

दोन कबरींवर खजुराची ओली फांदी दुभागून लावल्याची हदीस सही बुखारीत आहे. फांद्या ओल्या आहेत तोवर अजाब हलका होईल, अशी आशा प्रेषितांनी (स.) व्यक्त केली होती. त्यावरून काही आलिम कबरीवर हिरवं लावणं चांगलं मानतात. काही म्हणतात, ती प्रेषितांचीच (स.) खास गोष्ट होती, इतरांनी तिचं अनुकरण करू नये. मी मौलानांना त्यांचं मत विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. उठताना एवढंच म्हणाले, "कब्रस्तानात शिरताना सलाम कसा करतो आपण? एकाला की सगळ्यांना?"

सगळ्यांना. लहानपणापासून पाठ आहे. त्या दुआतला सलाम अनेकवचनी आहे. तिथल्या सगळ्या रहिवाशांना. आपण तो आपल्या माणसाकडे बघत म्हणतो, एवढंच.

जून २०२३ उजाडला. पाऊस त्या वर्षी उशिरा आला. जुलैच्या मध्यावर एक जनाजा होता म्हणून आत गेलो तर पायाखाली ओळखीचा वास. वाकून पाहिलं. फाटकापासून आत जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही कडांना बोटभर उंचीची सब्जाची रोपं. मुलांनी ऑक्टोबरात जी झाडं ओढत नेली होती ती बियांनी भरलेली होती. ओढताना मंजिऱ्या झडत गेल्या, सगळ्या वाटेने, सगळ्या कबरींवरून. पूर्वी पंधरा-वीस ठिकाणी असलेला सब्जा आता मोजता येऊ नये इतक्या ठिकाणी उगवला होता. अम्मीच्या रांगेतल्या चारही उंचवट्यांवर होता.

ऑगस्टमध्ये मी बहिणीला फोन करून बोलावलं. काही सांगितलं नाही, फक्त ये म्हटलं. ती आली. गडग्याशी उभी राहिली. पाऊस थांबला होता, वारा समुद्राकडून होता, आणि वास गडग्याच्या बाहेरपर्यंत येत होता. तिने खूप वेळ पाहिलं.

"यातला अम्मीचा कुठला?"

मी म्हटलं, "सगळा."

ती रडली, पण डिसेंबरसारखी गप्प नव्हती. हात उचलले, फातिहा पढली. मग म्हणाली, "आता वाट सोडून कुठंही बघितलं तरी चालेल." त्या वेळी ती आठवडाभर राहिली. घरामागच्या सब्जाचं बी ज्या बाटलीत अम्मी भरायची, ती बाटली तिने धुऊन, वाळवून भरून नेली.

ज्या मुलाने मला आवाजी निरोप पाठवला होता त्याची मी माफी मागितली. तो गोंधळला. म्हणाला, "चाचा, मी तर विचारलं होतं." हो, त्याने विचारलं होतं. विचारणाऱ्याला घाईत उत्तर दिलं, हीच खरी चूक. शब्दाची चूक त्यानंतरची.

त्या बुजुर्गांशीही बोलणं झालं. त्यांनी मान हलवली, पण अजून पूर्वीसारखं मोकळं बोलत नाहीत. त्याला वेळ लागेल.

या वर्षीची सफाईची सूचनाही मीच लिहिली. साध्या मराठीत : "गवत, टाकळा आणि काटेरी झुडपं काढावीत. सब्जाला हात लावू नये. शंका आली तर फोन करावा." सूचना टाकण्याआधी त्या मुलाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "आता बरोबर आहे."

अल्लाह तआला आमच्या अम्मीची, आणि त्या मातीत तिच्या शेजारी असलेल्या सगळ्यांची मगफिरत करो. आमीन.